हेअर सिरमचे आठ महिने: उडून जाणारं सिलिकोन जातं कुठे?

सकाळी डोंबिवलीहून नीट बांधून निघालेले केस दादर येईपर्यंत पिंजारलेले असायचे. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून गेल्या जूनमध्ये सिरम घेतलं. आता फेब्रुवारी आहे, दुसरी बाटली अर्ध्यावर आली आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुकानात या फळीवरच्या बऱ्याच बाटल्यांच्या मागे हीच दोन नावं वर दिसतात: सायक्लोपेंटासिलोक्सेन आणि डायमेथिकोनॉल. दोन्ही सिलिकोनचेच प्रकार, पण उडून जातं ते पहिलं. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, म्हणजे बाटलीत सगळ्यात जास्त आहे ते पहिलं.

या पहिल्याला थोडक्यात डी५ म्हणतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने गुंफलेलं कडं, त्यात सिलिकॉनचे पाच अणू. उकळायला साधारण २१० अंश सेल्सिअस लागतात, तरी पातळ पसरलं की साध्या हवेतही हळूहळू उडतं. शिवाय उडताना लागणारी उष्णता पाण्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, त्यामुळे हाताला गारवा लागत नाही की तेलकटपणा राहत नाही. तळव्यावर घेतलं की रेशमी वाटतं ते यामुळेच.

मी एकदा स्टीलच्या ताटलीत एका बाजूला खोबरेल तेलाचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला सिरमचा थेंब बोटाने पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवला. सकाळी तेल जसंच्या तसं. सिरमच्या जागी मात्र काचेसारखी पातळ झिल्ली उरली होती, बोट लावलं तर किंचित चिकट. ती डायमेथिकोनॉलची. तो मूळचा डिंकासारखा घट्ट पदार्थ, नुसता केसांना फासता येणार नाही. डी५ त्याला पातळ करतं, केसाकेसावर पसरवतं आणि स्वतः निघून जातं. काम करायचं, पण मागे राहायचं नाही.

केसांचा अनुभव खरंच चांगला आहे. ओलसर केसांना, फक्त टोकांकडच्या भागात, वाटाण्याएवढं घेते. गुंता निम्म्यावर आला, कंगव्यात तुटून येणारे केस कमी झाले. केसावर केस घासत नाही, एवढं साधं कारण. नवे केस येतील, मुळं बळकट होतील वगैरे अपेक्षा ठेवू नका, सिरमचं ते कामच नाही. दोनेक महिन्यांनी टोकं जडशीळ, निर्जीव वाटायला लागली. बोल उडणाऱ्या सिलिकोनला लावू नका. साठते ती मागे राहणारी झिल्ली. आठवड्यातून एकदा नीट फेस येणाऱ्या शाम्पूने धुतलं की उतरते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ऑगस्टमध्ये एका लग्नाला जायचं होतं. मी बाथरूमचं दार लावून सिरम लावलं आणि लगेच स्ट्रेटनर फिरवला, तापमान शेवटच्या आकड्यावर. थोड्या वेळाने आई अनवाणी आत गेली आणि तिचा पाय सटकला. बेसिन हाताला लागलं म्हणून वाचली. फरशीवर सिरमचे शिंतोडे होते, डोळ्यांना न दिसणारे. पाण्याने पुसून जात नाहीत ते, साबण लावून घासावी लागली. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधी लक्षात ठेवा.

फरशी घासताना वाटलं, जमिनीवर इतकं पडलं तर हवेत किती गेलं असेल? मग वाचायला लागले. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नुसरत जंग यांच्या गटाने लोकांना एका छोट्या घरात नेहमीसारखे केस करायला सांगून हवा मोजली. २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. स्ट्रेटनर जितका तापलेला, तितकं डी५ हवेत जास्त. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात तर सकाळच्या वाहतुकीच्या वेळी बाहेरच्या हवेत डी५ वाढलेलं सापडलं. गाड्यांच्या धुरातून नव्हे, नुकतंच आवरून निघालेल्या माणसांच्या अंगावरून. हे वाचलं आणि मला आपला आठ-बाराचा लेडीज डबाच डोळ्यांसमोर आला.

मग हे घातक आहे का? त्वचेतून शरीरात जातं ते एक टक्क्याहून कमी, बाकीचं उडतं. युरोपच्या वैज्ञानिक समितीने डी५ नेहमीच्या प्रमाणात सुरक्षित मानलं, पण केसांचे एरोसोल आणि सनस्क्रीनचे स्प्रे त्यातून वगळले, कारण ते श्वासातून आत जातं. त्याचं धाकटं भावंड डी४ मात्र वेगळं: प्रजननक्षमतेवर परिणामाच्या संशयावरून युरोपात २०१९ पासून ते सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे. दोघांनाही एकाच मापाने मोजणारे व्हिडिओ पाहिले की चीड येते. लेबलवर नुसतं ‘सायक्लोमेथिकोन’ असेल तर ते अशा कड्यांचं मिश्रण असू शकतं. मी ती बाटली उचलत नाही.

डी५वरची मोठी हरकत पाण्याची आहे. ते सहज विघटित होत नाही, जलचरांच्या शरीरात साठतं. म्हणून शाम्पू-कंडिशनरसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंत युरोपने जानेवारी २०२० अखेरपासून त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. माझ्या सिरमसारख्या लावून ठेवायच्या वस्तूंना ती ६ जून २०२७ नंतर लागू होईल. हे मला पटतं. आपल्या सांडपाण्याचा शेवट खाडीतच होतो आणि तिथलेच मासे आपण खातो.

बहिणीचं ‘सिलिकोन-फ्री’ सिरमही महिनाभर वापरलं. त्यात आयसोडोडेकेन होतं, तेही उडणारंच, शिवाय चटकन पेट घेणारं. केस मला जास्त कोरडे वाटले.

सध्या सिरम गॅलरीत उभं राहून लावते, केस आपोआप वाळू देते. स्ट्रेटनर हवाच असेल तर त्या दिवशी सिरम नाही. बाथरूममध्ये तर बाटली ठेवतच नाही, ती आता गॅलरीच्या खिडकीत तुळशीशेजारी असते.