‘निम्म्या किमतीत इन्सुलिन’: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फसवणूक कशी होते आणि खरं स्वस्त इन्सुलिन कुठे मिळतं

सुरुवात ओळखीतून मिळालेल्या एका फोन नंबरने होते. ‘गोव्याहून माल येतो, तिकडे टॅक्स कमी, त्याच कंपनीची बाटली निम्म्या किमतीत देतो.’ पहिल्या महिन्यात दोन-तीन बाटल्या येतात, त्या चांगल्याही असतात. शुगर ताब्यात राहते, घरच्यांचा विश्वास बसतो. मग सांगितलं जातं की सहा महिन्यांचा साठा एकदम घ्या, आणखी सूट देतो, पैसे आधी फोनवरून पाठवा. त्यानंतर एक तर माल येतच नाही, किंवा एसटीच्या पार्सलमधून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फाशिवाय, बिलाशिवाय येतो. पहिल्या प्रकारात पैसे जातात. दुसऱ्यात जीवावर बेततं, आणि त्याचं कारण कळायलाही वेळ लागतो.

आधी दराचं बघू. ज्याला खरा दर माहीत आहे त्याला फसवणं अवघड जातं. साधं मानवी इन्सुलिन, म्हणजे रेग्युलर (लवकर काम करणारं), एनपीएच (सावकाश काम करणारं) आणि दोघांचं ३०/७० मिश्रण, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, हेही २०२२ च्या यादीत आलं. या यादीतल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकारची संस्था ठरवते आणि त्यात किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. ही मर्यादा देशभर एकच आहे. जीएसटीही १ जुलै २०१७ पासून सगळ्या राज्यांत एकाच दराने लागतो. त्यामुळे ‘गोव्यात टॅक्स कमी’ किंवा ‘महाराष्ट्रात चंदगडला एमआरपी वेगळी’ हे दोन्ही दावे खोटे आहेत. मानवी इन्सुलिनची १० मिलिची बाटली दीडशे ते दोनशे रुपयांच्या घरात मिळते. दुकानदार त्यावर दहा-पंधरा टक्के सोडू शकतो, मोठी साखळी दुकानं थोडं जास्त. त्याच कंपनीची तीच बाटली निम्म्या किमतीत देणं प्रामाणिक धंद्यात बसत नाही. ती देणारा चोरीचा, मुदत संपलेला, शीतसाखळी तुटलेला (म्हणजे वाटेत थंड न ठेवलेला) किंवा सरकारी पुरवठ्यातून बाहेर काढलेला माल विकतो आहे, असंच धरून चालावं.

निम्मी किंमत एकाच परिस्थितीत खरी असू शकते: कंपनी बदलली तर. ग्लार्जिनसारख्या महाग इन्सुलिनची भारतीय कंपन्यांनी बनवलेली रूपं मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त आहेत. पण तो बदल डॉक्टरांना विचारून, चिठ्ठीवर नाव लिहून घेऊन, पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासत करायचा असतो. पिशवी घेऊन दारात येणाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

आता बिघडलेल्या बाटलीविषयी. सर्वांत जास्त नुकसान तिच्यामुळे होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं. गोठलं तर कायमचं वाया जातं, पुन्हा वितळवून उपयोग नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत किंवा बसच्या पार्सलमध्ये दिवसभर राहिलेल्या इन्सुलिनची ताकद कमी होते. अडचण अशी की रेग्युलर किंवा ग्लार्जिन उष्णतेने बिघडलं तरी पाण्यासारखं स्वच्छच दिसू शकतं. डोळ्यांना काहीच कळत नाही. घरी शुगर तीनशे-चारशेवर जाऊ लागते, सगळे खाण्यावर संशय घेतात, रुग्णालाच बोल लावतात, डॉक्टर युनिट वाढवतात. मग कधीतरी दुकानातून चांगली बाटली आणली जाते आणि वाढवलेल्या युनिटांसह टोचली जाते. त्या रात्री शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून शुगर कारणाशिवाय वाढली की युनिट वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा: बाटली कुठून आणली, कधी आणली, ती थंड होती का.

बाटली हातात घेतल्यावर एवढं बघाच. एमआरपी खरडलेली किंवा वरून स्टिकर चिकटवलेली नको. ‘विक्रीसाठी नाही’, ‘फिजिशियन सॅम्पल’ किंवा सरकारी पुरवठ्याचा शिक्का असलेली बाटली विकत घेऊच नका. तो मोफत वाटायचा माल आहे आणि तो विकणारा गुन्हा करतो. खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच असला पाहिजे. जुन्या खोक्यात दुसरीच बाटली घालण्याचा प्रकार यातूनच पकडता येतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो असेल तर फोनने स्कॅन करा, बॅच, उत्पादनाची तारीख आणि मुदत दिसते, ती छापील मजकुराशी ताडून बघा. रेग्युलर आणि ग्लार्जिन स्वच्छ असतात. एनपीएच आणि ३०/७० दुधाळ असतात, तळहातांमध्ये हळूहळू फिरवल्यावर एकसारखे पांढरे होतात. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले तर ती बाटली वापरायची नाही.

बिल मागायचंच. त्यावर दुकानाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते. इन्सुलिन विकणाऱ्या दुकानाकडे फॉर्म २१ चा परवाना लागतो आणि परवाने दुकानात दिसेल असे लावलेले असतात. ज्याच्याकडे दुकान नाही, परवाना नाही आणि जो बिल देत नाही, त्याच्याविरुद्ध पुढे तक्रार करायची तर हातात काहीच उरत नाही.

स्वस्त मालातला आणखी एक सापळा सुईचा आहे. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिट प्रति मिलिच्या असतात, पेनमधली कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलिची. ४० ची (यू-४०) सिरिंज लाल टोपणाची, १०० ची (यू-१००) केशरी टोपणाची. पेन महाग पडतं म्हणून विक्रेता सांगतो, ‘कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने ओढून घ्या.’ यू-४० सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर शरीरात ५० युनिट जातात. उलट ४० च्या बाटलीतून यू-१०० सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर जेमतेम ८ युनिट जातात. एखादं कार्ट्रिज कंपनीने बंद केलं आणि रुग्ण बाटलीवर आला की हा घोळ हमखास होतो. सिरिंज आणि बाटली यांचा आकडा जुळतो का, ते दर वेळी वाचा.

कार्डांची फसवणूक वेगळ्या रस्त्याने येते. इथल्या मराठी घरांची अडचण फसवणाऱ्यांना नीट ठाऊक आहे: कार्यालयातला फॉर्म कन्नडमध्ये, बोर्ड कन्नडमध्ये, विचारायचं कुणाला? मग ‘पाच लाखांचं कार्ड काढून देतो, इन्सुलिन फुकट’ म्हणून पाचशे-हजार घेतले जातात आणि हातात आभा कार्ड पडतं. आभा हा फक्त आरोग्य नोंदीचा १४ आकडी क्रमांक आहे. तो कोणालाही फुकट काढता येतो आणि त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. खरी योजना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. पण ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या बाटल्या तीत बसत नाहीत. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी रुग्णालयात जावं लागतं आणि खासगीकडे जायचं तर तिथलं रेफरल पत्र लागतं. ते पत्र मोफत मिळतं. त्याचे पैसे मागणारा दलाल आहे.

सीमाभागात याच्या जोडीला महाराष्ट्राच्या योजनेचं आमिष दाखवलं जातं. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, हे खरं. पण तीही ठरावीक उपचारांची आणि शस्त्रक्रियांची योजना आहे. तिच्या नावावर ‘कोल्हापुरातून महिन्याचं इन्सुलिन घरपोच’ असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे. आपल्या गावाचा माणूस, आपल्या भाषेत बोलतो, महाराष्ट्र एकीकरण समितीची ओळख सांगतो, एवढ्यावर आधार कार्ड आणि ओटीपी देऊ नका. फॉर्म वाचता येत नसेल तर गावातल्या शिक्षकाला, आशाताईला किंवा कन्नड शाळेत शिकणाऱ्या शेजारच्या पोराला वाचायला सांगा, पण वाचल्याशिवाय सही करू नका.

खासगी विम्याच्या एजंटाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे तोटा लाखांत होतो. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढतो. पाच वर्षांनी कोणी विचारत नाही.’ नियम असा आहे: आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षे आहे. सलग ५ वर्षे पॉलिसी चालू राहिली तर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर नाकारता येतो. रोज इन्सुलिन घेणाऱ्याने फॉर्मवर ‘मधुमेह नाही’ लिहिणं म्हणजे कंपनीच्या हातात तेच कारण देणं आहे. पहिल्याच दाव्यात जुन्या चिठ्ठ्या निघतात, दावा नाकारला जातो, भरलेले हप्तेही बुडू शकतात. मधुमेह लिहून घेणाऱ्या आणि पहिल्या दिवसापासून त्याचं संरक्षण देणाऱ्या पॉलिसी मिळतात. हप्ता जास्त असतो, पण दावा उभा राहतो. पॉलिसी आल्यावर फॉर्मची प्रत मागून आजाराचा रकाना स्वतः तपासा. चुकीचं लिहिलेलं असेल तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, म्हणून कोणी १८ टक्के वेगळे मागत असेल तर पावती बघितल्याशिवाय देऊ नका.

आणि हे लक्षात घ्या की नेहमीच्या पॉलिसीत घरी टोचायचं इन्सुलिन येतच नाही. त्यासाठी ओपीडीचा (दाखल न होता घ्यायच्या उपचारांचा) वेगळा भाग घ्यावा लागतो, आणि त्याची मर्यादा हप्त्याच्या तुलनेत परवडते का, ते आकडेमोड करून बघावं. दाखल होऊन घरी आल्यानंतर बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतचा त्या आजाराचा औषधखर्च मिळतो. ती बिलं मात्र पुष्कळ जण टाकून देतात.

मग परवडणारं इन्सुलिन कुठे? हिशेबापासून धरू. दिवसाला ३० युनिट म्हणजे महिन्याला ९०० युनिट. ४० च्या १० मिलि बाटलीत ४०० युनिट, म्हणजे सव्वादोन बाटल्या, तीन धरा. छापील किमतीनेही पाच-सहाशेत भागतं. सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानात, म्हणजे जनऔषधी केंद्रात, याहून कमी पडतं. तिथे साठा कधी असतो, कधी नसतो, म्हणून आधी फोन करून जा आणि बाटली फ्रिजमधूनच काढून देतात ना ते बघा. सरकारी रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा दवाखाना असतो. बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि तालुका रुग्णालयं इथे नाव नोंदवून, वही घेऊन दर महिन्याला गेलं तर साठा असेल तेव्हा इन्सुलिन मोफत मिळतं. पेन किंवा ठरावीक ब्रँड मात्र तिथे मागून मिळत नाही.

उद्यमबागच्या कारखान्यांत किंवा फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी काढून बघावी. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) ०.७५ टक्के कापलेले असतात आणि त्यावर स्वतःला व कुटुंबाला ईएसआय दवाखान्यातून औषधं मिळतात, इन्सुलिनसुद्धा. कापलेले पैसे वर्षानुवर्षे भरत राहायचे आणि इन्सुलिन उधारीवर बाहेरून घ्यायचं, ही परिस्थिती बदलायला फक्त एक ईएसआय कार्ड लागतं. लहान मुलांना टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा) असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात मोफत इन्सुलिनच्या उपक्रमांविषयी विचारा.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो. ‘हे चूर्ण घ्या, तीन महिन्यांत इन्सुलिन सुटेल’ ही जाहिरातच १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने गुन्हा आहे. मधुमेह त्या कायद्याच्या यादीत आहे. टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास सुरू होतो. तेव्हा चूर्णवाल्याला फोन करत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

फसवणूक झालीच असेल तर पैसे फोनवरून गेले असतील त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेलाही लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. जास्त दर लावल्याची तक्रार १८०० १११ २५५ वर, दुकानाची किंवा मालाची तक्रार १९१५ वर आणि जिल्ह्यातल्या औषध नियंत्रण कार्यालयात लेखी. विम्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बंगळुरूच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करा, शुल्क नाही. मालासाठी किंवा सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातही फी लागत नाही.

संशयित बाटली फेकू नका. तिच्यात उरलेलं औषध आणि खोकं पिशवीत घालून, वर तारीख लिहून, फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. बॅच नंबरचा, पैसे पाठवल्याचा आणि बोलण्याच्या संदेशांचा फोटो काढून ठेवा. तपासणीसाठी निरीक्षक तीच बाटली मागतो. दुसरी, बिलाची बाटली आणून त्याच दिवसापासून वापरा, मात्र किती युनिट टोचायची ते डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या.