सहा पायांची चिंबोरी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

संच कोणता ते सांगत बसत नाही, लहान मूल असलेल्या घरात तो ओळखीचा असतो. जाड पुठ्ठ्याची सहा पुस्तकं, गोल कोपरे, अंकांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळं. गेल्या मे महिन्यात १,१४० रुपयांना घेतला. चिऊ तेव्हा पावणेतीन वर्षांची. आम्ही हर्णैला, कोकणातल्या मासेमारीच्या बंदरावर राहतो, हे पुढच्या भांडणासाठी लक्षात ठेवा.

पहिल्याच रात्री अंकांचं पुस्तक उघडलं. सहाच्या पानावर खेकडा. 'खेकड्याचे पाय मोजा. सहा!' पुढे दोन डेंगे आणि बाजूंना तीन-तीन पाय. अहो, खेकड्याला चालायचे पाय आठ असतात, डेंगे धरले तर दहा! इथे संध्याकाळी बंदरावर लिलाव लागतो, तिथे पाट्यांशेजारी बसून चिंबोऱ्या बघत ही पोर मोठी झाली आहे. तिने बोट ठेवून मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. जणू पाय मीच लपवलेत. सहाच हवे होते तर मुंगी काढायची. तिला सहाच असतात, आणि ती साखरेच्या डब्यापाशी फुकट बघायला मिळते.

सासऱ्यांनी चित्रकाराची बाजू घेतली. "अगो, तुटले असतील दोन. परत येतील." यात तथ्य आहे. जिवावर बेतलं की खेकडा पाय सोडून पळतो आणि पुढे कात टाकताना नवा पाय येतो. मी दोन दिवस गप्प बसले. मग पुन्हा पान उघडलं. दोन्हीकडचा एकेकच तुटलाय, तोही अगदी मापात, आणि वर हा हसतोय? फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढ्या लहान मुलांना पाय मोजता येत नाहीत." अंकांचं पुस्तक विकणारा माणूस हे म्हणतो.

दुसरा फोन जुलैत. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे नवरा घरी, होड्या शाकारलेल्या, मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं. पिनांची पातळ पुस्तकं खाऱ्या हवेत गंजतात म्हणून तर पुठ्ठ्याची घेतली होती. झाडांच्या पुस्तकाचा पुठ्ठा फुगला आणि त्याचे भाकरीसारखे पापुद्रे सुटले. उत्तर आलं, "पाण्यात भिजलेला माल बदलून मिळत नाही." पाण्यात नाही हो, हवेत भिजलाय! फोटो मागितला, पाठवला. तर म्हणे, फोटोत ओल दिसते. शेवटी सासूबाईंनी खळ करून पानं चिकटवली आणि पाट्याखाली दाबून ठेवली. पुस्तक वाचलं, पण खळीला झुरळं लागली. (घराचं पुस्तक ठीक. त्यातले बाबा रोज संध्याकाळी घरी येतात, चिऊला ते जरा संशयास्पद वाटतं.)

इथवर लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

समुद्राचं पुस्तक दिवाळीपर्यंत उघडलंच नव्हतं. त्यात एका पानावर कासवाची पिल्लं वाळूतून पाण्याकडे निघाली आहेत आणि आई कुठेच नाही. मला वाटलं, ज्याने दोन पाय खाल्ले त्यानेच आईही खाल्ली. पण इथे चित्रकार बरोबर निघाला. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं दीडदोन महिन्यांनी आपली आपण बाहेर येतात. लहान मुलांच्या पुस्तकात आईला सहसा मागे उभी करतात, डोळ्यांत पाणी वगैरे. यांनी ते केलं नाही.

वेळासला २००२ पासून कासवांच्या अंड्यांची राखण होते, आता आंजर्ल्यालाही होते. ते आम्हाला जवळ, म्हणून मार्चमध्ये तिकडे गेलो. दोरीमागे गर्दी, पुढे ओल्या वाळूवर बोटभर पिल्लं. चिऊ कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई नाय." आणि थोड्या वेळाने, "पुस्तकात पण नाय." त्या रात्री ते पान अकरा वेळा वाचावं लागलं. त्या एका पुस्तकाचे १९० रुपये वसूल, हे मी नाइलाजाने मान्य करते.

म्हणून तीन तारे. चौथा खेकड्याने खाल्ला, पाचवा पावसाने. घ्यायचाच तर दिवाळीनंतर घ्या, मृगाच्या आत पत्र्याच्या डब्यात टाका.

खेकड्याचं पुढे असं झालं. जानेवारीत चिऊने निळ्या बॉलपेनाने राहिलेले दोन पाय काढले. मी अडवलं नाही, उलट पेन मीच दिलं होतं. आता सहाच्या पानावर आठ पाय आहेत. परवा अंगणवाडीत ताईंनी अंक म्हणायला सांगितले, तर ही म्हणाली, "चार, पाच, आठ, सात, आठ." ताईंनी सोमवारी मला बोलावलंय. पुस्तक घेऊनच जाणार आहे.