फोरक्लोजर लेटर, पतसंस्थेतलं आरसी बुक आणि पुरातली गाडी: कोकणातल्या यार्डवाल्याला कसं फसवतात

सेकंड हँड गाडी घेताना गिऱ्हाईक कसं फसतं, याच्या गोष्टी ढीगभर ऐकायला मिळतात. गाडी विकत घेताना यार्डवालाच, म्हणजे जुन्या गाड्यांचा व्यापारीच फसला, हे मात्र कोणी सांगत नाही. बाजारात नाव जाईल म्हणून तो गप्प बसतो, आणि तोच माणूस तीच युक्ती पुढच्या तालुक्यात करून मोकळा होतो.

चिपळूण, लांजा, कणकवली, कुडाळ या पट्ट्यातल्या लहान यार्डात एका वेळी पाच-सात गाड्या उभ्या असतात. भांडवलातलं निम्मं बहुधा उसनं. एक गाडी कागदांत अडकली की त्या महिन्याचं सगळं गणित कोसळतं. आणि अडकवणारे हमखास येतात ते गणपतीच्या तोंडावर. चाकरमानी यायच्या आधी अर्टिगा, ईको अशा जास्त सीटांच्या गाड्यांना भाव असतो. यार्डवाला आषाढ-श्रावणात माल गोळा करत फिरतो आणि "आज उचलली नाहीस तर उद्या कोल्हापूरचा माणूस नेतोय" या एका वाक्याला बळी पडतो. या दिवसांत आलेली गाडी चार दिवस उशिरा घेतली तर फार तर दहा हजारांचा नफा जाईल. घाईत घेतली तर गाडीसकट मुद्दल जाईल.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो बोजा असलेल्या गाडीत. समजा, अर्टिगा ६,८०,००० ला ठरली आणि बँकेचं कर्ज अजून बाकी आहे. विकणारा फोरक्लोजर लेटर दाखवतो, ३,९२,००० चं. यार्डवाला म्हणतो, २५,००० टोकन घे, ३,९२,००० घेऊन कर्ज मिटव, उरलेले २,६३,००० बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आल्यावर. गाडी आपल्या यार्डात, वर पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम आपल्या हातात, म्हणून त्याला निर्धास्त वाटतं. फोन केला तर लेटर खरंच बँकेचं निघतं. गोम इथेच आहे. फोरक्लोजर लेटर म्हणजे नुसता हिशेब असतो: अमुक तारखेपर्यंत भरलेत तर एवढे लागतील, उशीर झाला तर रोज एवढं व्याज. पैसे भरल्याचा तो पुरावा नव्हे. विकणारा ४,१७,००० घेऊन जातो, हप्तेही थांबवतो, "बँकेत साहेब रजेवर आहेत" म्हणत दोन महिने काढतो. दोन-तीन हप्ते थकले की वसुलीवाले गाडी शोधत येतात. तोवर ती गाडी एखाद्या चाकरमान्याला विकून झालेली असेल, तर ती त्याच्या दारातून ओढून नेतात आणि तो सगळं गाव घेऊन यार्डात येतो.

कर्जाची रक्कम विकणाऱ्याच्या खात्यात कधीच टाकायची नाही. यार्डच्या करंट खात्यातून थेट कर्ज खात्यात आरटीजीएस करायचा. कर्ज खात्याचा नंबर लेटरवरून न घेता शाखेत किंवा हप्त्यांच्या स्टेटमेंटवरून पडताळायचा. मग शून्य बाकीचं स्टेटमेंट, मग एनओसी. शाखेत विकणाऱ्याला सोबत नेऊन त्याच्यासमोर आणखी एक प्रश्न विचारायचा: याच्या नावावर दुसरं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकलंय का? असेल तर गाडीचं कर्ज पूर्ण फिटूनही बँक एनओसी अडवून धरते. हे विचारायचं राहून गेल्याने महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या कमी नाहीत.

एनओसी हातात आली म्हणजे एचपी (आरटीओत नोंदलेला कर्जाचा बोजा) उतरली, असंही नाही. फॉर्म ३५ वर फायनान्सरची सही-शिक्का लागतो, दोन प्रती लागतात, आणि सरकारच्या वाहन पोर्टलवरून बोजा प्रत्यक्ष निघावा लागतो. काही बँका तो ऑनलाइनच उतरवतात. एनओसीची मुदत साधारण तीन महिने. बनावट एनओसी पकडायची तर तिच्यावरचा कर्ज क्रमांक, चेसिस नंबर आणि ती कोणत्या आरटीओच्या नावे आहे ते पाहा. गाडी एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंगची आणि पत्र पेणच्या आरटीओला, असली चूक बँक सहसा करत नाही. कॉम्प्युटरवर जुनं पत्र खरवडून नवं करणारा करतो.

दुसरा सापळा खास आपल्याकडचा: पतसंस्था. गावातली पतसंस्था किंवा खासगी सावकार ओळखीवर पैसे देतो, आरसी बुक ठेवून घेतो, पण आरटीओत बोजा चढवतच नाही. पोर्टलवर गाडी कोरी दिसते. विकणारा "आरसी हरवलं" म्हणून पोलिसांचा दाखला काढतो, फॉर्म २६ भरून डुप्लिकेट आरसी काढतो आणि तेच यार्डात आणून ठेवतो. कायद्याने पतसंस्थेचा दावा कितीही लंगडा असो, यार्डसमोर येऊन उभी राहणारी माणसं खरी असतात आणि वाद मिटेपर्यंत गाडी विकता येत नाही. डुप्लिकेट आरसी नुकतंच निघालेलं दिसलं की विकणाऱ्याच्या गावात दोन फोन करावेत. आपल्याकडे कोणी कुठे पैसे उचललेत, हे तिठ्यावरच्या चहावाल्याला माहीत असतं.

तिसरा प्रकार म्हणजे मुंबईतले काका. "गाडी काकांची हा, ते मुंबयक असतत." गाडी वापरतो पुतण्या, विकतोही पुतण्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मात्र काकांची म्हणून कोणाची तरी. टीओ (आरटीओत मालकी बदल) करायला गेलं की आधारचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर जातो आणि काका म्हणतात, मी गाडी विकलेलीच नाही. कधी काका हयातच नसतात. मग फॉर्म ३१, वारसांची संमती, आणि वारसांत भांडण असेल तर गाडी यार्डात सडत पडते. नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र दाखवलं म्हणून भुलू नये. ज्याच्या नावावर आरसी, त्याच्याशीच व्हिडिओ कॉल, त्याचाच ओटीपी, पैसे त्याच्याच खात्यात. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर त्याचा आहे की गाडी नवी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच ठोकून दिलाय, हेही आधी तपासा. तो बदलल्याशिवाय ओटीपीवाली कामं पुढे सरकत नाहीत.

आता पुरातली गाडी. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली बुडाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवलं. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. नोंदणी रद्द झाली नाही, तर त्या सांगाड्यासोबत आरसीही फिरतं. कोणीतरी तो उचलतो, इंजिन खोलतो, सीटकव्हर-मॅट बदलतो, आणि गाडी दोन-तीन हात फिरून परत कोकणातच येते.

कोकणात ती पकडणं अवघड, कारण गंज दिसला की विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं: "खारी हवा आहे हो." बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणून गंज आहे की नाही हे न बघता तो कुठे आहे हे बघायचं. खाऱ्या हवेचा गंज बाहेरून आत येतो: दाराचा तळ, चाकांवरच्या कमानी, सायलेन्सर, सस्पेन्शनचे बोल्ट. पुराच्या पाण्याचा गंज केबिनच्या आत आणि वर सापडतो. ड्रायव्हरच्या दारातून उताणं आत शिरा, डोकं पेडलजवळ न्या आणि टॉर्च वर मारा. स्टिअरिंग कॉलम धरणारा ब्रॅकेट, डॅशबोर्डच्या आतला आडवा लोखंडी बीम, पेडलचा खांब इथे तपकिरी पापुद्रे असतील, तर तिथवर समुद्राची हवा सहसा पोचत नाही, पाणी पोचलंय. मासळीची ने-आण केलेल्या ईकोचा मागचा पत्रा आतून सडलेला असतो, बर्फाचं खारट पाणी तिथेच मुरतं. पण ते मागेच असतं, डॅशबोर्डखाली नाही.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्टा पुसणारे वरचा हातभर पुसतात. रिळाच्या आत राहणारा शेवटचा तुकडा आडव्या डागाने खरं सांगतो. दाराखालची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेटखालचं फेल्ट दाबा. वरचं कार्पेट एका उन्हात वाळतं, खालचं फेल्ट पावसाळाभर वास धरून बसतं. आपल्या रस्त्यांची लाल धूळ सगळ्याच गाड्यांत असते, ती सुटी असते, फुंकर मारली की उडते. पुराचा गाळ कनेक्टरच्या भोकांत आणि सीटच्या रेलखाली बसून घट्ट झालेला असतो. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून तांब्याच्या पिना बघा, हिरवट थर दिसला तर पुढे बोलणी नको.

इग्निशन नुसती ऑन करून मीटरकडे पाहा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही, तर दिवा चांगला आहे असं समजू नका. तो काढून टाकलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. बुडालेली गाडी कोणी चालू करायला गेलं असेल तर सिलिंडरमधलं पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी चालते, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी लागतं. फिटरकडून गेज लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

गाडीपेक्षा कागद जास्त बोलतात. मागच्या चार-पाच विमा पॉलिस्या मागा आणि नो क्लेम बोनसची (क्लेम न केल्यास दरवर्षी वाढणाऱ्या सवलतीची) शिडी पाहा: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. शिडी चढत चढत एकदम शून्यावर आली, त्याच सुमारास कंपनी बदलली आणि पुराच्या पुढच्या काही महिन्यांतच गाडीचा मालकही बदलला, तर पत्रा कितीही चकाकत असो, गाडी पुरातली समजा. पॉलिस्या "सापडत नाहीत" म्हणणाऱ्याकडून नंबर घेऊन विमा कंपनीकडे चौकशी करा, आणि चेसिस नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा. मागे फिरवलेला मीटरही तिथेच उघडा पडतो. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत, उदाहरणार्थ २३१९, आठवडा आणि वर्ष असतं. मीटर तीस हजार दाखवतोय आणि दुसरा टायर-सेट झिजत आलाय, तर हिशेब जमत नाही.

जीए (गोवा) पासिंगची गाडी सावंतवाडी-बांद्याकडे स्वस्त मिळते, त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण गोव्याच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर धरल्यावर ती स्वस्त राहते का, ते आधी कागदावर मांडावं.

विकतानाचे गंडे साधे असतात. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय चावी नाही. शनिवारी संध्याकाळी चेक घेऊन येणाऱ्याला सोमवारी बोलवा. ट्रायलला आपला माणूस शेजारी बसलाच पाहिजे. ट्रायलला जाताना तारण म्हणून ठेवलेली मोटारसायकल चोरीची निघते. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालं म्हणजे रक्कम आली असं नाही, डिस्बर्समेंटआधी (पैसे खात्यात पडण्याआधी) गाडी गेली की पाठपुरावा आपल्याच गळ्यात.

सगळ्यात महाग पडते ती मात्र "टीओ नंतर करू" ही सवय. कोऱ्या तारखेचे सही केलेले २९-३० घेऊन गाडी दोन-तीन हात फिरवायची, ही आपल्या धंद्याची जुनी खोड. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणजे गाडी देऊन बसलेला जुना मालक अडकतो आणि तो थेट यार्डवाल्याच्या मानगुटीवर बसतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी यावर वाट काढली आहे: अधिकृत डीलर म्हणून नोंदणी करायची आणि गाडी ताब्यात आली की फॉर्म २९सी ने पोर्टलवर कळवायचं. मग जबाबदारी डीलरची होते, पण एनओसी, डुप्लिकेट आरसी, टीओ यांचे अर्जही डीलरला स्वतः करता येतात. जबाबदारी अंगावर येते म्हणून बरेच जण हे टाळतात. टाळून ती सुटत नाही, फक्त कागदावर दिसत नाही.

इतकं करूनही फसलात तर पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकू येतं: "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." ते टाळायचं तर खरेदीच्या वेळीच करारात विकणाऱ्याकडून स्पष्ट लिहून घ्यायला हवं: या गाडीवर कोणतंही कर्ज, तारण, विम्याचा टोटल लॉस क्लेम, वारसांचा वाद नाही, बाकी कर्ज अमुक खात्यात अमुक रक्कम, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ. हे विधान खोटं ठरलं की सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता येतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार उभी राहते. व्यवहार रोखीत केला असेल तर दाखवायला काहीच उरत नाही. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे, ती वेगळीच. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत. आणि पोलिसांकडे जाताना आरसी, करार, बँक स्टेटमेंट यांच्याबरोबर पोर्टलवरच्या नोंदीची खरेदीच्या दिवशी काढलेली तारखेची प्रिंटही न्या. ती नंतर काढली तर त्या दिवशी बोजा दिसत होता की नव्हता, हे सिद्ध करता येत नाही.