इंटरनेट नसलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर: छापखान्यातील दीड वर्षाचा अनुभव

इंदूरच्या रामबागेत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, गणेश मंडळांचे अहवाल आणि संस्थांच्या स्मरणिका ही आमची मुख्य कामे. त्यासाठी लागणारे जुने मराठी फॉन्ट आणि पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या प्रोग्रॅमच्या हजारो फायली एकाच संगणकावर आहेत, आणि या संगणकाला आम्ही मुद्दाम इंटरनेट दिलेले नाही. तार नाही, वायफायचे कार्डही काढून ठेवले आहे. इतके केले म्हणजे व्हायरसची चिंता मिटली, असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात हा समज मोडला. एका मंडळाच्या चिटणीसांनी अहवालाचे फोटो पेन ड्राइव्हवर आणून दिले. ते उघडले तेव्हा आतले सगळे फोल्डर त्याच नावाचे, पण कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट झालेले दिसले. त्यातल्या एकावर आमच्याकडून क्लिक झाले. संध्याकाळी दुसऱ्या एका ग्राहकाचा फोन आला. त्यांना आम्ही पत्रिकेचे प्रूफ त्यांच्याच पेन ड्राइव्हवर दिले होते, आणि घरी गेल्यावर त्यातले साखरपुड्याचे फोटो दिसेनासे झाले होते. फोटो गेले नव्हते, लपवले गेले होते, आणि कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब ही आज्ञा देऊन ते परत मिळाले. तरीही आपल्या दुकानातून दुसऱ्याच्या घरी हा रोग गेला, ही गोष्ट मनाला फार लागली. त्या वेळी आमच्याकडे विकत घेतलेला अँटिव्हायरस होता आणि पडद्यावर हिरवी खूणही होती. बारकाईने पाहिले तेव्हा त्याची व्हायरसची यादी अकरा महिने जुनी निघाली.

त्यानंतर आम्ही विंडोज १० मध्ये आधीपासूनच असलेला डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस वापरू लागलो आणि त्याची यादी दर सोमवारी हाताने नेऊन भरू लागलो. मायक्रोसॉफ्ट ही यादी एका स्वतंत्र फायलीच्या रूपात फुकट देते. ती शंभर एमबीहून मोठी असते, दिवसातून अनेकदा नव्याने निघते, आणि ३२ बिट व ६४ बिट संगणकांसाठी वेगवेगळी असल्यामुळे आपली कोणती हे आधी पाहून घ्यावे लागते. उतरवून घेतल्यावर फायलीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरच्या पानावर मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनचे नाव आहे ना, हे मी दर वेळी पाहतो. मग ती फाइल सीडीवर लिहून आतल्या, इंटरनेट नसलेल्या संगणकात नेतो. सीडी अशासाठी, की एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर आतला संगणक काही लिहू शकत नाही, आणि परतीच्या वाटेने काही बाहेर येत नाही.

पहिल्यांदा हे करणाऱ्याचा एका ठिकाणी हमखास गोंधळ होतो. फाइल चालवली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, ना खिडकी, ना ‘झाले’ असा निरोप. मी पहिल्या दिवशी ती तीनदा चालवली. दोन-चार मिनिटे थांबून विंडोज सिक्युरिटीमध्ये यादीचा क्रमांक आणि ती तयार झाल्याची तारीख पाहावी. तारीख बदललेली असेल तर काम झाले. यादी शिळी झाली की डिफेंडर स्वतःहून पिवळी खूण दाखवतो, आणि आमच्या अनुभवानंतर मला त्याचा हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

ऑफलाइन स्कॅनची सोयही उत्तम आहे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज नेहमीसारखे उभे राहण्याआधीच साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या प्रोग्रॅमला आडोसा मिळत नाही. नावात ऑफलाइन असले तरी यादी मात्र संगणकात आहे तीच वापरली जाते, म्हणून सोमवारची सीडी चुकवून चालत नाही.

आता उणी बाजू. डिफेंडरची बरीच ताकद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी होणाऱ्या विचारपुशीत आहे. अनोळखी फाइल दिसली की तो तिकडे विचारतो. इंटरनेट नसेल तर हा आधार राहत नाही, आणि कालच जन्मलेला व्हायरस यादीत नसल्यामुळे निसटू शकतो. म्हणून आम्ही येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी काउंटरवरच्या, इंटरनेट असलेल्या संगणकावर तपासतो, आणि त्यातले फक्त फोटो व मजकूर दुकानाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन आत नेतो. फायलींची पूर्ण नावे दिसण्याची सोय दोन्ही संगणकांवर सुरू ठेवली आहे, कारण फोटोच्या नावामागे दडलेला प्रोग्रॅम तेव्हाच ओळखता येतो. रोजचे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेल्या साध्या खात्यातून होते. निवडक फोल्डरांत परक्या प्रोग्रॅमला लिहू न देण्याची सोय डिफेंडरमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. सुरू केल्यावर पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमला परवानगी हाताने द्यावी लागते.

नुसता अँटिव्हायरस नेऊन भागत नाही, विंडोजची दुरुस्तीही न्यावी लागते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नावाच्या घातक प्रोग्रॅमने इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवली. ती यंत्रणाही इंटरनेटपासून तोडलेलीच होती. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या एका दोषात शॉर्टकटवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती, फोल्डर उघडून त्याचे चिन्ह पडद्यावर आले की पुरे होते. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी दिली, पण इंटरनेट नसलेल्या संगणकात ती कोणी नेऊन बसवली तरच पोचणार होती. या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून सुट्या उतरवता येतात, आणि आम्ही त्या महिन्यातून एकदा नेत असू.

दीड वर्षात डिफेंडरने आतल्या संगणकावर दोनदा आणि काउंटरवर कितीतरी वेळा शॉर्टकट व्हायरस पकडला, आणि आमच्याकडून कोणाच्या घरी काही गेल्याची तक्रार आलेली नाही. दर आठवड्याला वीस मिनिटे देणारा एक जबाबदार माणूस असेल, तर छोट्या दुकानाला निराळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. असा माणूस नसेल तर मी याची शिफारस करणार नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरची यादी त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, पण विंडोजच्या दुरुस्त्या आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत. त्यामुळे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही नव्या संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे आणि सुरुवात स्मरणिकांपासून केली आहे.