समुद्रात गाठावे की नदीत अडवावे? प्लास्टिक काढण्याच्या दोन पर्यायांचे गणित

पावसाळा ओसरल्यावर बडोद्यात काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत पाहिले, तर जलपर्णीत अडकलेल्या दुधाच्या पिशव्या दिसतात. सुटलेल्या पिशव्यांची वाट पुढे ढाढर नदीतून खंभातच्या आखाताकडे जाते. त्यांना इथेच अडवावे की समुद्रात गाठावे?

पॅसिफिक महासागरात ‘द ओशन क्लीनअप’ या संस्थेने २०२४ मध्ये कचरा गोळा करण्यासाठी सुमारे २.२ किलोमीटर लांबीचा तरंगता अडसर दोन जहाजांनी ओढला. तिथे कचऱ्याचे दाट पट्टे प्रवाहांबरोबर सतत सरकतात, त्यामुळे इंधन आणि वेळ यांच्या मर्यादेत जास्तीत जास्त कचरा हाती लागेल असा मार्ग पुन्हा पुन्हा आखावा लागतो.

नदीचे गणित वेगळे आहे. प्रत्येक संभाव्य जागेपुढे शून्य किंवा एक लिहायचा, म्हणजे अडसर नको किंवा हवा, आणि ठरलेल्या खर्चात सर्वाधिक कचरा अडवणारी निवड शोधायची. एकाच नदीवरच्या दोन अडसरांची बेरीज मात्र सरळ होत नाही, कारण खालच्याला वरच्यातून निसटलेले आणि मधल्या टप्प्यात नव्याने पडलेले एवढेच मिळते. विश्वामित्रीत मगरींना वाट मोकळी ठेवण्याची अटही समीकरणात घालावी लागेल, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील २०१६ च्या अभ्यासात, प्लास्टिक गोळा करणारे तरंगते संग्राहक किनाऱ्यांजवळ ठेवल्यास दहा वर्षांत ३१ टक्के, तर पॅसिफिकच्या कचरापट्ट्यात ठेवल्यास १७ टक्के सूक्ष्म प्लास्टिक निघेल, असे संगणकीय प्रारूपातून दिसले. म्हणून मर्यादित पैसा आधी नदीमुखांकडे वळवावा, असे माझे ठाम मत आहे; खोल समुद्रात आधीच तरंगणारी मासेमारीची जाळी मात्र तिथे जाऊनच काढावी लागतील.