दहा महिने टॉवर कूलर वापरल्यावर: आवाजापेक्षा त्याची चढउतार जास्त छळते

गेल्या महिन्यात माझ्या पीसीच्या प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या कूलरच्या कंपनीकडून उत्तर आलं: अख्खा कूलर मूळ खोक्यासकट मुंबईला पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा, तपासणीला पंधरा ते वीस दिवस लागतील. माझी तक्रार फक्त त्याच्या पंख्याच्या टिकटिकीची होती. १२० मिलिमीटरचा साधा पंखा, तारेच्या दोन क्लिपा सोडवल्या की हातात येतो. त्यासाठी वीस दिवस पीसी बंद ठेवायचा? तेही चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर असताना? राग आला तो वस्तू वाईट आहे म्हणून नाही. वस्तू चांगली आहे, म्हणूनच जास्त आला.

आमचं घर गोव्यात फोंड्याला, जुनं, कौलारू. माझ्या आणि आईच्या खोलीमधली भिंत वर कौलांपर्यंत जात नाही, त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं. प्रोसेसर सहा कोरचा, ६५ वॅटचा. त्याच्यासोबत आलेल्या छोट्या कूलरवर मी दीड वर्ष काढलं. व्हॅलोरंट या गेमची मॅच सुरू झाली की तापमान ८८ अंशांवर जायचं आणि पंखा असा घोंघावायचा की पलीकडून आई विचारायची, "अरे, या वेळी मिक्सर कोणी लावला?" माझ्या कानांवर हेडफोन, त्यामुळे खरा त्रास तिलाच. गेल्या नोव्हेंबरात बावीसशे रुपये मोजून चार हीटपाइपांचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, उभा टॉवर कूलर घेतला.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. तापमान ७४ वर आलं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो, आणि दहा उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही बरं.

चौथ्या दिवसापासून मात्र मी वैतागलो. पंखा मध्येच घूंऽऽ करून चढायचा, चारपाच सेकंदांत खाली यायचा, परत चढायचा. नवा राऊंड लोड झाला की घूं. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं तरी घूं. जुन्या कूलरपेक्षा आवाज कितीतरी कमी, पण सहन होईना. आई म्हणाली, "आधीचा बरा होता रे, एका सुरात तरी वाजायचा." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. छताचा पंखा, कौलांवरचा पाऊस, रात्रभर चालतात आणि झोप लागते. वरखाली होणाऱ्या आवाजाला कान सरावत नाही. डिसेंबरअखेर मी हा कूलर विकायला काढणार होतो आणि तेव्हा लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

ते मत मी आता पूर्ण मागे घेतो. दोष कूलरचा नव्हता, मदरबोर्डच्या सेटिंगचा होता. चिप नखाएवढी असते. काम आलं की ती क्षणभर वेग वाढवते आणि सेंसरवरचा आकडा सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतो. हीटसिंक, म्हणजे कूलरचा पत्र्यांचा भाग, मात्र अर्ध्या किलोहून जास्त धातू, तो तापायला काही मिनिटं घेतो. बोर्ड पंख्याला त्या उडीमागे पळवत होता, आणि हीटसिंक तेव्हा जेमतेम कोमट असायचा. हात लावून पाहिलं मी.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्याच्या पानावर वेग चढायला आणि उतरायला किती वेळ घ्यायचा याची सेटिंग सापडली. माझ्या बोर्डवर ती शून्य सेकंदावर होती. ती सगळ्यात जास्त केली. मग किती तापमानाला किती वेग ही रेघ बदलली: ७० अंशांपर्यंत सरळ ४५ टक्के, ८० ला ७०, ८५ च्या पुढे पूर्ण. मधल्या पायऱ्या काढूनच टाकल्या. त्या रात्रीपासून एकच सलग, दबका आवाज. तापमान फार तर दोन अंशांनी वाढलं. या एका सेटिंगने मला जेवढं समाधान दिलं तेवढं बावीसशेच्या कूलरनेही दिलं नव्हतं, आणि तिला पैसा लागला नाही.

आवाज उतरल्यावर त्याच्याखाली लपलेला दुसरा ऐकू यायला लागला. कॅबिनेटच्या मागचा पंखा कायम पूर्ण वेगात. तो तीन पिनांचा, आणि तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. पीसी जोडून देणाऱ्या दुकानाने ती जागा पीडब्ल्यूएमवर ठेवली होती, वेग बदलायची ती पद्धत चार पिनांच्या पंख्यांसाठी असते. व्होल्टेजने वेग बदलणारं डीसी केलं, संपलं. दीड वर्ष मी हा आवाज फुकट ऐकला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, जोडणाऱ्याने ती द्यायलाच हवी होती.

गेममध्ये फ्रेमची मर्यादाही घाला, मेन्यूसाठी वेगळी. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेमच दाखवणारा, आणि ग्राफिक्स कार्ड उगाच तापत तीनशे फ्रेम काढत बसलेलं, नुसत्या मेन्यूसाठी.

मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असतानाही कूलरने साथ दिली. खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. आमच्याकडची तांबडी धूळ सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात ती फुंकरीने उडते. जूननंतर हवेतला दमटपणा, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली फोडणी मिळून तिचा लगदा होतो. जुलैत पुढची जाळी काढली तर तिच्यावर विटकरी रंगाचं जाड कापड घातल्यासारखा थर होता, नखाने सोलला तर पट्टीच्या पट्टी निघाली. हीटसिंकच्या पत्र्यांमध्येही तेच. ब्लोअर उपयोगाचा नाही, रंगकामाचा मऊ ब्रश लागतो. ब्लोअर मारायचाच तर पातं बोटाने धरून ठेवा, जोरात फिरलं की बेअरिंग बिघडतं. साफ केल्यावर सहा अंश उतरले. आता पावसाळ्यात दर महिन्याला करतो.

टिकटिक सुरू झाली ती ऑगस्टमध्ये. सकाळी पीसी लावला की पाच मिनिटं टिक, टिक, टिक, मग शांत. आधी वाटलं वायर पात्याला लागतेय. वायरी बांधल्या, फरक नाही. पंखा काढून हातात आडवा धरला तर टिकटिक थांबली, उभा केला की परत. म्हणजे बेअरिंगच. दहा महिन्यांत बेअरिंग जाणं मला मान्य नाही. आणि हमीचा कागद असताना एका पंख्यासाठी अख्खा कूलर मागणं तर मुळीच नाही.

शेवटी म्हापशाहून साडेसहाशेचा १२० मिलिमीटरचा पंखा आणला, फ्लुइड बेअरिंगचा, चार पिनांचा. जाडी २५ मिलिमीटर, म्हणजे नेहमीचीच, त्यामुळे जुन्याच क्लिपांत बसला. चवथीच्या आदल्या रात्री गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर बसवला. आत्या आणि तिची दोन नातवंडं माझ्याच खोलीत खाली चटईवर झोपली होती. मी एक मॅच खेळलो, मुलं हललीसुद्धा नाहीत.

घ्यायचा का? हीटसिंकसाठी जरूर घ्या, पण किंमत बावीसशे नाही, अठ्ठावीसशे पन्नास धरा. आणि आधीच्या कूलरवर ती वेळेची सेटिंग करून आठवडाभर बघा. मी तेव्हा केली असती तर कदाचित हा खर्चही वाचला असता.