रॉक्सी म्युझिक: ईनो असतानाचं की ईनो गेल्यानंतरचं?

रॉक्सी म्युझिक हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला घेताना आधी एक ठरवावं लागतं: १९७२-७३चे पहिले दोन अल्बम की त्यापुढचे तीन? गायक ब्रायन फेरी दोन्हीकडे आहे. मधे १९७३च्या उन्हाळ्यात सिंथेसायझर हाताळणारा ब्रायन ईनो बाहेर पडला, त्याच्या जागी १८ वर्षांचा एडी जॉब्सन आला आणि बँडचा आवाजच बदलला.

पहिला संच हळूहळू जमला. न्यूकॅसलला चित्रकला शिकलेल्या फेरीने बेसवादक ग्रॅहॅम सिम्पसनला घेऊन लंडनमध्ये जुळवाजुळव सुरू केली. अँडी मॅके सॅक्सोफोन आणि ओबो वाजवायचा. त्याच्याकडे सिंथेसायझरही होता. त्यासाठी त्याने ओळखीतल्या ईनोला बोलावलं. ईनो स्वतःला वादक मानत नसे. सुरुवातीला तो स्टेजवर नसायचाच. मागे मिक्सरपाशी बसून इतरांचे सूर सिंथेसायझरमधून फिरवायचा. फिल मॅनझनेराला ऑडिशनमध्ये नकार मिळाला होता. तरी तो रोडी (सामानसुमान सांभाळणारा मदतनीस) म्हणून बँडसोबत राहिला आणि फेब्रुवारी १९७२मध्ये गिटारवादक झाला. अशी माणसं एकत्र आल्यावर गाणं कुठे वळेल याचा नेम नसतो. ‘फॉर युअर प्लेझर’ या दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं तर नऊ मिनिटांहून लांब आहे, आणि ते मला एका सेकंदानेही जड वाटत नाही.

जॉब्सन कीबोर्डसोबत व्हायोलिन घेऊन आला. ‘स्ट्रँडेड’ (नोव्हेंबर १९७३) ऐकताना चाल आधी मनात भरते, करामत नंतर जाणवते. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिलाच अल्बम. माझ्या मते खरा बदल श्रेयनामावलीत आहे. आधीच्या दोन्ही अल्बमची सगळी गाणी एकट्या फेरीची. इथून मॅके आणि मॅनझनेरा यांचीही नावं लागू लागली. ‘लव्ह इज द ड्रग’ (१९७५) हे गाणं फेरी आणि मॅके या दोघांचं. त्यातला जॉन गुस्टाफसनचा बेस मुद्दाम कान देऊन ऐका. सिम्पसननंतर बेसवर कोणीच कायमचं टिकलं नाही, तरी जवळपास प्रत्येक पाहुण्याने ती जागा राखली. ड्रमवर दोन्ही काळात पॉल थॉम्पसनच आहे, म्हणून इतकी अदलाबदल होऊनही पाया डगमगत नाही.

चाल आणि गळा तुम्हाला आधी भावत असेल, तर ‘स्ट्रँडेड’पासून सुरुवात करा. विचित्र आवाजांची भीती वाटत नसेल, तर ‘फॉर युअर प्लेझर’. मला एकच निवडायचा झाला तर मी हाच घेईन. १९७९नंतरचा काळ तूर्त बाजूला ठेवा. तो सुंदर आहे, पण ग्लॅम (सत्तरच्या दशकातला झगमगीत, नाटकी रॉक) नाही.

आणि ईनो गेल्याची रुखरुख लागलीच, तर त्याचा १९७४चा पहिला स्वतंत्र अल्बम लावा. त्यात मॅनझनेरा, मॅके आणि थॉम्पसन तिघंही वाजवतात.